रावळपिंडीच्या शिपायांची नावं

आमच्या ऑफिसच्या अमेरिकन टीममधला एक जण दर वर्षी आठवडाभर रजा टाकतो आणि मोटरसायकल काढतो. व्हिएतनाम, इराकमध्ये विषारी रसायनांमुळे आजारी पडलेल्या माजी सैनिकांसाठी पैसे गोळा करायला. त्याच्या जॅकेटच्या पाठीवर एका सैनिकाचं नाव असतं. दर वर्षी वेगळं.

दिवाळीत देवपूरला घरी आलो तेव्हा आम्ही चार सायकलवाल्या मित्रांनी ठरवलं, आपणही काढू अशी राइड. देवपूर ते खडकी, साधारण साडेतीनशे किलोमीटर. जमतील ते पैसे सैनिकांच्या ध्वजदिन निधीला. गल्लीत एक मामा आहेत, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना उत्साहाने सांगायला गेलो. "मामा, गॅसचा त्रास झालेल्या आपल्या सैनिकांसाठी राइड काढतोय."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्यासनं नाव काय शे?"

एक नाव मला माहीत होतं. मीर दस्त. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला आणि चारच दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर हल्ल्याला उतरली. धड मास्कही नव्हते. तोंडावर ओलं फडकं बांधायचं, एवढाच बचाव. त्या दिवशी जमादार मीर दस्त गॅस अंगावर घेत माणसं गोळा करत राहिले, जखमी अधिकाऱ्यांना मागे आणत राहिले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाव राहिलं ते पदकामुळे. याच डिव्हिजनबरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या फ्रान्सला गेल्या होत्या. आमची राइड खडकीला संपवायचं ठरलं ते त्यामुळेच.

पण मामांना फक्त लढाईतली नावं नको होती. छावणीत, शांततेच्या काळात असं काही झालं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मला वाटलं, नसेल झालं. रात्री शोधत बसलो, आणि झालं होतं.

2007 च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन'ने तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या कागदांवरून एक बातमी छापली. ब्रिटिश लष्कराची रासायनिक शस्त्रांची प्रयोगशाळा पोर्टन डाऊनला आहे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडीच्या लष्करी तळावर प्रयोग सुरू केले आणि ते दहा वर्षांहून जास्त चालले. शेकडो भारतीय शिपायांवर मस्टर्ड गॅस वापरला गेला. काहींना खाकी हाफ पँट आणि सुती शर्टावर गॅस चेंबरमध्ये पाठवलं. तपासायचं काय होतं, तर हा गॅस भारतीय कातडीला ब्रिटिश कातडीपेक्षा जास्त भाजतो का!

मस्टर्ड गॅस लगेच कळत नाही. काही तासांनी कातडी लाल होते, मग फोड. घाम असतो तिथे जास्त, म्हणजे काखेत, जांघेत. एका शिपायाचा मास्क सरकला आणि त्याचे डोळे आणि चेहरा भाजला. 1942 च्या अहवालात भाजलेल्यांची संख्या मोठी असल्याची नोंद आहे, काहींना दवाखान्यात ठेवल्याचीही आहे. पुढे त्या माणसांचं काय झालं, हे पोर्टनने कधी तपासलंच नाही. मस्टर्ड गॅसने कॅन्सर होतो हे आता पक्कं माहीत आहे. यांच्यातल्या कोणाला झाला असेल, तर गावच्या वैद्याला तरी कसं कळणार?

आता अमेरिकेत काय घडलं ते बघा. 1962 ते 1971 व्हिएतनामच्या जंगलांवर एजंट ऑरेंज फवारलं. सैनिक घरी आले, वर्षांनी आजारी पडले, आणि सरकार म्हणत राहिलं, सिद्ध करा. 1991 च्या कायद्याने हे उलटं केलं. तुम्ही तिथे होता आणि यादीतला आजार तुम्हाला आहे, तर संबंध सरकार गृहीत धरणार. 2022 मध्ये इराक, अफगाणिस्तानच्या तळांवर उघड्यावर जळणाऱ्या कचऱ्याच्या धुरासाठी तसाच कायदा आला. (ज्यांच्या शेतांवर एजंट ऑरेंज पडलं त्या व्हिएतनामी लोकांना यात काही नाही.) पण हे सगळं कशावर उभं आहे? अमुक सैनिक अमुक काळात तिथे होता, या एका कागदावर.

पोर्टनच्याच प्रयोगांतल्या 360 ब्रिटिश सैनिकांना जानेवारी 2008 मध्ये एकूण 30 लाख पौंड भरपाई मिळाली. सरकारने चूक कबूल केली नाही, पण पैसे दिले. कारण ती माणसं हयात होती, एकत्र आली होती, वकील लावून भांडली. रावळपिंडीची बातमी त्याच्या चार-पाच महिने आधीची. तिच्या बाजूने भांडायला कोणीच नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सिस्टिम पडली आणि लॉग सापडला नाही, तर आम्ही पहिल्यांदा विचारतो, लॉग हरवला की ठेवलाच नव्हता? हरवला तर निष्काळजीपणा. ठेवलाच नसेल तर कोणीतरी ठरवून तसं केलेलं असतं. रावळपिंडीत गॅसचा हिशोब ठेवला गेला, फोडांचा ठेवला गेला. प्रयोगानंतरच्या माणसाचा नाही. मला हा निष्काळजीपणा वाटत नाही.

आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंदिर आहे. हा माणूस गावोगाव पायी हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा करायचा. 1926 मध्ये धुळ्यातच वारला. शाळेतून तिथे नेलं होतं तेव्हा मी मागे उभं राहून मोबाइलवर गेम खेळत होतो. आता वाटतं, सरकारी दप्तरात नसलेलं कधीकधी घरच्या माळ्यावर सापडतं, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

मामांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन त्यांच्या वडिलांची पत्र्याची ट्रंक ओढून आणली. वडीलही फौजेत होते. डिस्चार्जचं पुस्तक निघालं, पानं पिवळी पडलेली. नेमणुकींच्या रकान्यात रावळपिंडी नव्हतं. मामांनी दोनदा बघितलं.

पुढच्या महिन्यात पहाटे साडेचारला निघू. पांझरेचा पूल, मग लळिंगचा घाट, मालेगाव, चांदवड, नाशिक. टी-शर्टाच्या पाठीवर नुसतं 'रावळपिंडी' छापून घेतलंय. तुमच्या घरात पणजोबांची तशी ट्रंक असेल, तर 1930 ते 1945 मधल्या नेमणुका बघा. रावळपिंडी दिसलं तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा, आणि दवाखान्याच्या नोंदींचं पान असेल तर त्याचाही.