संक्रांत २२ डिसेंबरला का नाही?

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत ज्यांचे शेजारी गुजराती आहेत, त्यांना माहीत असेल. आपण जिला संक्रांत म्हणतो, तिला ते थेट ‘उत्तरायण’ म्हणतात. पण सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. म्हणजे दिवस तीळतीळ वाढायला लागून तीन आठवडे झालेले असतात!

हा उशीर आला कुठून? आपलं पंचांग राशी मोजतं ताऱ्यांवरून. ऋतू मात्र ठरतात पृथ्वीच्या कललेल्या अक्षावरून, आणि हा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो. एका फेऱ्याला सुमारे २६,००० वर्षं. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवस सरकतो. जवळपास १,७०० वर्षांपूर्वी उत्तरायण आणि मकरसंक्रांत एकाच दिवशी होती. १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला आली. तोच विवेकानंदांचा जन्मदिवस.

यावर आपल्याकडे जोरदार वाद झालेत. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित सायन पंचांगाच्या बाजूचे. त्यांच्या हिशोबाने संक्रांत डिसेंबरातच हवी. टिळक पंचांगाचा आरंभबिंदू रेवतीच्या ताऱ्यापाशी, म्हणून तिथे संक्रांत १० जानेवारीला. पुढे १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात २२ डिसेंबरला पौष १ येतो. आकाशवाणीवर ‘भारतीय सौर’ तारीख सांगतात ना, तीच ही. सरकारी कागदावर तारीख आली, पण त्या दिवशी कुणाच्या घरी भोगीची भाजी शिजली नाही.

आता युरोपात बघा. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात विक्का हा नवा पेगन धर्म पुढे आला. आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांच्या संघटनेला १९७३ साली सरकारी मान्यता मिळाली. हे लोक ‘यूल’ साजरा करतात तो डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास. त्यांना हे सोपं गेलं, कारण आइसलँड इ.स. १०००च्या सुमारास ख्रिस्ती झालं आणि मधली साखळी तुटली. नव्याने सुरुवात करताना त्यांनी सरळ सूर्याकडे बघून तारीख धरली. आपली सुगडं, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, आणि त्यासोबत तारखेतला फरकही चालत आला.

मला विचाराल तर सण हलवू नये. आई-आजीने ज्या दिवशी वाण दिलं, तो दिवस त्यांचा आहे. पण कारण विसरू नये, नाहीतर पुढच्या पिढीला उत्तरायण म्हणजे फक्त पतंग एवढंच उरेल.

म्हणून एक काम करा. २२ डिसेंबरला संध्याकाळी वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून मावळत्या सूर्याचा फोटो काढा. संक्रांतीला त्याच जागेवरून पुन्हा काढा. सूर्य चार-पाच बिंबांइतका उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे, सरकलेला दिसेल. उत्तरायण म्हणतात ते हेच.

भेटू पुढच्या भागात. तोवर तिळगूळ घ्या, गोड गोड बोला!