तारीख चुकू नये म्हणून निघालेला माणूस

मुंबईच्या सुतारांनी बांधलेली एक सागवानी होडी पृथ्वीला न थांबता प्रदक्षिणा घालून आली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? होडीचं नाव 'सुहैली', लांबी अवघी ३२ फूट. नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. वर्ष १९६८-६९. पण आज सांगायचंय ते त्याच शर्यतीतल्या दुसऱ्या माणसाबद्दल.

लंडनच्या 'संडे टाइम्स'ने शर्यत जाहीर केली: एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा. सर्वात जलद येणाऱ्याला ५,००० पौंड. अनुभवाची अट? नाही. परीक्षा? नाही. अट एकच, ३१ ऑक्टोबर १९६८ च्या आत निघायचं. त्यामागे कारण होतं. उशीर झाला तर केप हॉर्नला ऐन हिवाळ्यात पोचणार. म्हणजे तारीख ठेवली होती जीव वाचवायला.

नऊ जण निघाले. त्यातल्या चे ब्लाइथला शिडं हाकता येत नव्हती! मित्रांनी दुसरी होडी पुढे नेऊन त्याला कसं करायचं ते दाखवलं. तो दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेला आणि शहाण्यासारखा थांबला.

डोनाल्ड क्रोहर्स्टला थांबता आलं नाही. हा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, होडी चालवायची ती सुट्टीच्या दिवशी. धंदा डबघाईला आलेला, चार मुलं. प्रायोजकाशी करार असा की सफर सोडली तर होडीचे पैसे यानेच भरायचे. तीन सांगाड्यांची नवी होडी घाईघाईत बांधली. काम अर्धवट, झाकणांतून पाणी आत येतंय, सुटे भाग धक्क्यावरच राहिले. तरी ३१ ऑक्टोबरला, शेवटच्या दिवशी, तो निघाला. गावाने निरोप दिला, कॅमेरे आले. आता मागे कसं फिरणार?

पंधरवड्यातच त्याने वहीत हिशेब मांडला: या होडीने दक्षिण महासागरात शिरलो तर जगण्याची शक्यता निम्मी. पुढे जावं तर मरण, परतावं तर दिवाळं. त्याने तिसरी वाट काढली. अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवर खोटी ठिकाणं कळवू लागला. एका दिवसात २४३ मैलांचा विक्रमही सांगून टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या खोट्याची किंमत आधी दुसऱ्याने मोजली. क्रोहर्स्ट मागोमाग येतोय असं समजून नायजेल टेटलीने आपली खिळखिळी होडी दामटली. घर जवळ आलं असताना ती फुटली. तो कसाबसा वाचला. आता खोटा माणूस जिंकणार होता, म्हणजे वह्या तपासल्या जाणार होत्या. १ जुलै १९६९ ला क्रोहर्स्टच्या नोंदी थांबल्या. १० जुलैला रिकामी होडी सापडली.

नॉक्स-जॉन्स्टन एकटाच पूर्ण करून परतला. त्याच्याही होडीला गळती लागली होती, पण भर समुद्रात पाण्यात उतरून त्याने फटी बुजवल्या. तो व्यापारी जहाजांवरचा अधिकारी, आणि मुंबईहून 'सुहैली' स्वतः चालवत इंग्लंडला नेलेली. होडीची प्रत्येक खोड ठाऊक. बक्षिसाचे ५,००० पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

पुढे आपले कमांडर दिलीप दोंदे जगप्रदक्षिणेच्या तयारीला लागले, तेव्हा शिकायला याच नॉक्स-जॉन्स्टनकडे गेले. २००६ ला तयारी सुरू, गोव्यात 'म्हादेई' बांधली, लहान सफरी करून पाहिल्या, आणि २००९ ला मुंबईहून निघाले. २०१० ला सुखरूप परत. शिडाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय.

क्रोहर्स्टला कुणी वेडा म्हणतं, कुणी लबाड. मला वाटतं, त्या धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला झाकणं गळताना दिसत होती. प्रायोजक, प्रसिद्धीवाले, गावकरी. 'बाबा, यंदा नको' हे ठामपणे म्हणणारा एक माणूस हवा होता. आपले कोळीबांधव नारळी पौर्णिमेआधी दर्यात होडी घालत नाहीत, ते भित्रे म्हणून नाही. खवळलेल्या समुद्राला थांबा म्हणता येत नाही, माणसाला म्हणता येतं.

आपल्याकडेही उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि काम मागून धावतं. तेव्हा ३१ ऑक्टोबर आठवा. तुमच्या आसपास वेळेवर 'थांबा' म्हणणारं कुणी असेल तर खाली नक्की लिहा.