डॉ. जेरुशा झिराड आणि वरचा सज्जा



आमच्या आखाडा बाळापुरात ज्यू घर माझ्या तरी पाहण्यात नाही. पण कोकणातल्या ‘शनिवार तेल्यां’बद्दल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचले असेल. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून हे नाव. हे बेने इस्रायली लोक मराठी बोलणारे. आडनावेही पेणकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली. अलिबागजवळ झिराड नावाचे गाव आहे. तेच आडनाव लावणाऱ्या एका बाईंविषयी आज लिहिते आहे.

डॉ. जेरुशा झिराड पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या, नंतर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. लहानपणी त्यांची बहीण कामा रुग्णालयात डॉ. बेन्सन या बाईंच्या हातून बरी झाली. ते पाहूनच आपणही डॉक्टर व्हायचे, असे त्यांनी ठरवले. विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. १९१९ साली लंडनची एम. डी. झाल्या आणि १९२८ ते १९४७ त्याच कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या बिनपगारी कामाविषयी. जुन्या पद्धतीच्या सिनेगॉगमध्ये बायकांनी वरच्या सज्ज्यात बसायचे. प्रार्थनेला दहा माणसे लागतात, त्यांत बायका मोजायच्या नाहीत. लंडनमध्ये झिराडबाईंची ओळख लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी चळवळीशी झाली. तिथे एक बाई पुढे उभी राहून प्रार्थना चालवत होती! मग १९२५ साली झिराडबाईंनी पुढाकार घेऊन मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ सुरू केली. तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसून प्रार्थना करू लागले. रुग्णालयाची एवढी मोठी जबाबदारी सांभाळून त्यांनी हे काम केले.

त्यांच्याच पिढीच्या रिबेका रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या आणि पुढे मुंबईतल्या ज्यू शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यासुद्धा हुजूरपागेच्याच. मुलींची ही शाळा निघाली १८८४ साली. म्हणजे शाळेचा बाक आधी आला, समाजातले मोठेपण मागाहून.

मला वाटते, बाई पुढे येते ती नुसत्या हुशारीवर नाही. तिच्या आधी कुणीतरी बाई पुढे उभी असलेली तिला दिसावी लागते. झिराडबाईंना आधी बेन्सन दिसल्या, मग माँटेग्यू.

आपल्याकडे हरिनाम सप्ताहात पंगतीच्या भाकरी बायका थापतात आणि पत्रिकेवर समितीची नावे बहुतेक पुरुषांची असतात. आपल्या मुलींनी मग पाहायचे कुणाकडे?

ज्यू समाजाला महाराष्ट्र सरकारने २०१६ साली अल्पसंख्याक दर्जा दिला. आज तो मूठभरच उरला आहे. पण एवढ्याशा समाजातल्या एका बाईने सज्ज्यातून खाली यायची वाट शंभर वर्षांपूर्वी दाखवली, हे आपल्या लेकी-सुनांना जरूर सांगा.