घरगुती नळांच्या जलरोधक सांध्यांचा इतिहास (विशेष संदर्भ : इचलकरंजी)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पाणीपुरवठ्याचा इतिहास प्रामुख्याने तलाव, धरणे आणि ती बांधणारे राज्यकर्ते व अभियंते यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. साठविलेले पाणी ज्या असंख्य सांध्यांतून घराघरांत पोहोचते, त्या सांध्यांची दखल मात्र क्वचितच घेतली गेली. वास्तविक, धरणातील पाणी पिण्यायोग्य अवस्थेत घरात येते की नाही, हे शेवटी सांधाच ठरवितो.

जलरोधकता ही दुहेरी असते. आतील पाणी बाहेर गळू नये, ही तिची एक बाजू. बाहेरील घाण आत शिरू नये, ही दुसरी. सांध्यांचे तंत्र मुख्यतः पहिल्या बाजूचा विचार करून विकसित झाले. ज्या शहरांत नळ काही तासच वाहतो, तेथे दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरते, हे इचलकरंजीच्या संदर्भात स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

चुन्याचा सांधा

१७ व्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी (नंतरचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे नहरीची व्यवस्था केली. विजापुरात आदिलशाही काळात तोरवी आणि बेगम तलाव येथून शहरास पाणी आणले गेले. या काळातील व्यवस्थांमध्ये खापरी नळ वापरले जात. एका नळाचे निमुळते तोंड दुसऱ्यात बसवून फट चुन्याने भरावयाची आणि नळांभोवती दगड-चुन्याचे बांधकाम करावयाचे, अशी पद्धत होती.

चुन्याचा सांधा ताण किंवा मोठा दाब सहन करू शकत नाही. त्यामुळे सांधा बळकट करण्याऐवजी दाबच मर्यादित ठेवण्याचा मार्ग तत्कालीन कारागिरांनी स्वीकारला. विजापुरातील ‘गंज’ हे मनोरे याच हेतूने उभारले गेले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यास आणलेल्या बांधीव नळालाही ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ ठेवलेले होते. हे पाणी प्रामुख्याने हौदांत पडे. प्रवाहास तोटीने अडविले जात नसल्यामुळे सांध्यावरील भार मर्यादित राही.

शिसे आणि ताग

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी बिडाच्या नळांतून मुंबईस आले आणि दाबाखालील पाणीपुरवठ्याचे युग सुरू झाले. बिडाच्या नळाचे एक टोक रुंद तोंडाचे असे. त्यात दुसऱ्या नळाचे साधे टोक घालून प्रथम तागाचे दोर ठासले जात. त्यानंतर वितळलेले शिसे ओतून ते थंड झाल्यावर छिन्नी-हातोड्याने ठोकून घट्ट केले जाई. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि थंड झाल्यावरही मऊ राहते. त्यामुळे जमीन किंचित खचली तरी सांधा लगेच फुटत नसे. मुख्य वाहिन्यांसाठी ही पद्धत उपयुक्त ठरली. घरातील अर्ध्या इंची नळास मात्र निराळे तंत्र हवे होते.

आट्यांचा सांधा

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांच्या प्रमाणीकरणाचा प्रस्ताव मांडला. नळांचे ब्रिटिश प्रमाण आटे पुढे त्यावरच आधारले गेले आणि भारतातही रूढ झाले. या आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो. अर्ध्या इंची नळावर एका इंचात १४ आटे पडतात, तर नळावरील आट्यांना १६ ला १ असा उतार असतो. सॉकेट किंवा एल्बो जसजसा फिरविला जातो तसतसा तो उतारामुळे अधिकाधिक आवळत जातो.

तरीही केवळ धातूवर धातू आवळून सांधा जलरोधक होत नाही. आट्यांच्या शिरोभागी व तळाशी सर्पिलाकार बारीक वाट शिल्लक राहते. ती बुजविण्यासाठी प्लंबर आट्यांवर सफेदा लावून ताग किंवा सूत गुंडाळत. धागा सांधा आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळावा लागतो. उलट गुंडाळल्यास तो फिरविताना उसवून बाहेर येतो. ताग पाण्याने फुगतो आणि वाट बंद करतो, हे या पद्धतीचे मर्म होय. तिच्या दोन मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. मूळचा सफेदा हे शिशाचेच संयुग होते. म्हणजे सांधा गळू नये म्हणून पिण्याच्या पाण्याच्या मार्गात विषारी द्रव्य ठेवले जात होते. शिवाय नळ दीर्घकाळ कोरडा राहिल्यास ताग सुकून आकसतो. म्हणजेच हे तंत्र नळात पाणी सतत असेल, असे गृहीत धरते.

टेफ्लॉन आणि प्लॅस्टिक

रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये अमेरिकेत अपघातानेच सापडलेल्या टेफ्लॉनची पातळ फीत पुढे सुताच्या जागी आली. ती कुजत नाही व सुकून आकसत नाही. मात्र ती फुगतही नाही. त्यामुळे आवळलेला सांधा दिशा जुळविण्यासाठी थोडा जरी मागे फिरविला, तरी तो गळू शकतो. सुताच्या सवयीचा हात टेफ्लॉनला चालत नाही.

पीव्हीसी आणि त्यानंतर सीपीव्हीसी नळांमुळे घरातील बहुतांश आटेच नाहीसे झाले. ज्याला प्लंबर ‘सोल्युशन’ म्हणतात, ते साध्या अर्थाने चिकटद्रव्य नव्हे. ते नळाचा आणि सॉकेटचा पृष्ठभाग मृदू करते व दोन्ही एकजीव होतात. त्यासाठी नळ काटकोनात कापणे, कडा घासणे, पृष्ठभाग कोरडा ठेवणे, पाव फेरा देऊन काही क्षण दाबून धरणे आणि पुरेसा वेळ सुकू देणे आवश्यक असते. शिशाचा प्रश्न येथेही संपला नाही. पीव्हीसी नळांतील शिसेयुक्त स्थिरीकारकांवर निर्बंध घालणारे केंद्रीय नियम २०२१ मध्ये आले.

इचलकरंजीचा संदर्भ

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे यंत्रमागाच्या बळावर हे संस्थानी गाव दाट वस्तीचे औद्योगिक शहर झाले. २०२२ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली. शहराची तहान पंचगंगेवर व मजरेवाडी येथून आणलेल्या कृष्णेच्या पाण्यावर भागविली गेली. पंचगंगेचे प्रदूषण व कृष्णा योजनेच्या वाहिनीची वारंवार होणारी गळती हे दोन्ही प्रश्न येथील सार्वजनिक चर्चेत सातत्याने राहिले आहेत. पाणी दररोज न येता काही दिवसांच्या अंतराने येणे, हा येथील नागरिकांचा परिचित अनुभव होय.

अशा खंडित पुरवठ्यात सांध्याची भूमिकाच पालटते. पाणी चालू असताना सदोष सांध्यातून थेंब बाहेर पडतात आणि दोष दिसतो. पुरवठा बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होताना आतील दाब वातावरणाच्या दाबाहून कमी होऊ शकतो. अशा वेळी त्याच फटीतून बाहेरील ओलावा आत ओढला जातो. नळाला थेट विद्युत मोटर जोडल्यास हे शोषण वाढते. घरजोडणीचा नळ गटार ओलांडत असेल, तर आत काय जाते, हे सांगावयास नको.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ उद्भवली व काहींना प्राण गमवावे लागले. हिपॅटायटिस ई हा दूषित पाण्यातून पसरणारा आजार होय. साथीचे खापर एखाद्या घरातील सांध्यावर फोडणे अनैतिहासिक ठरेल. १९५५-५६ च्या दिल्लीतील साथीत तर यमुनेतील उपशाच्या ठिकाणीच सांडपाणी मिसळले होते. परंतु नदी शुद्ध केली आणि सांधे तसेच राहिले, तर शुद्ध केलेले पाणी वाटेतच पुन्हा दूषित होण्याची शक्यता उरते.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, प्रत्येक काळातील सांधा त्या काळातील प्रवाहाच्या स्वरूपास अनुरूप होता. चुन्याचा सांधा कमी दाबाचा, शिशाचा व तागाचा सांधा सतत भरलेल्या नळाचा होता. आपल्या शहरांनी नळ नवे घेतले. त्यामागील अखंड प्रवाहाचे गृहीतक मात्र पाळले नाही. गिलावा करण्यापूर्वी नळाची दाबचाचणी घेणे, घरजोडणी गटारापासून दूर ठेवणे आणि प्लंबरच्या कौशल्यास रीतसर प्रशिक्षणाची जोड देणे हे उपाय फार खर्चिक नाहीत. मुख्य वाहिनी नगरसंस्थेची आणि घरातील नळ मालकाचा, अशी जबाबदारीची विभागणी केली जाते. या दोहोंमधला सांधा कोणाचाच राहत नाही. पाणीपुरवठ्याच्या इतिहासलेखनाने आणि नगरनियोजनाने या उपेक्षित दुव्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.