ड्रॉप-फ्रेम टाइमकोड

ड्रॉप-फ्रेम टाइमकोड ही व्हिडिओ संकलनात चौकटींना क्रमांक देण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीसाठी स्वीकारलेल्या एनटीएससी मानकात चौकटींचा वेग सेकंदाला ३० ऐवजी सुमारे २९.९७ झाला. त्यामुळे ३०च्या हिशेबाने मोजलेला टाइमकोड तासाभरात घड्याळाच्या १०८ चौकटी, म्हणजे ३.६ सेकंद मागे पडतो आणि तासाचा कार्यक्रम प्रक्षेपणात तेवढाच लांबतो. यावर उपाय म्हणून दर दहावे मिनिट वगळता प्रत्येक मिनिटाच्या आरंभी ०० व ०१ हे क्रमांक गाळतात. नाव काहीसे फसवे आहे. प्रत्यक्ष चित्राची एकही चौकट गळत नाही. लांबी जुळत नसल्यास संकलकाने आधी सेकंदांनंतरचे चिन्ह पाहावे: अर्धविराम सहसा ड्रॉप-फ्रेम दर्शवतो, अपूर्णविराम साधा टाइमकोड. भारतातील २५ चौकटींच्या पाल पद्धतीत याची गरज नसते.