बॅटरी, साठवण आणि मागे उरलेले नियम

कोणत्याही यंत्राचा इतिहास त्याच्या संशोधकांच्या नामावळीने पुरा होत नाही. यंत्र ज्यांच्या हाती पडते ते लोक ते कसे हाताळतात, त्याच्या जपणुकीचे कोणते नियम बांधतात आणि ते एकमेकांना कसे सांगतात, हाही त्या इतिहासाचाच भाग होय. स्मार्टफोनच्या बाबतीत असे नियम मुख्यतः दोन टंचायांभोवती जमलेले आढळतात : बॅटरीतील विजेची टंचाई आणि साठवणीतील जागेची टंचाई. नवा फोन प्रथम आठ तास चार्ज करावा, बॅटरी पूर्ण उतरल्यावाचून पुन्हा चार्जिंगला लावू नये, वापरून झालेले प्रत्येक अ‍ॅप हाताने बंद करावे, हे नियम आजही घरोघरी सांगितले जातात. त्यांचा उगम शोधू गेल्यास असे दिसते की, त्यांपैकी बहुतेक एके काळी योग्यच होते. ज्या तंत्रासाठी ते योग्य होते ते तंत्र मागे पडले, आणि नियम तेवढे उरले.

यांतील पहिल्या दोन नियमांचे मूळ निकेलच्या घटात आहे. निकेल-कॅडमियम घट स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर याने १८९९ साली सिद्ध केला. १९८३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या मोटोरोलाच्या डायनाटॅक ८०००एक्स या पहिल्या व्यापारी हातफोनात हाच घट होता. त्या फोनचे वजन पाऊण किलोहून अधिक होते. सुमारे दहा तास चार्ज केल्यावर त्यावर अर्धा तास बोलता येई. हा घट वारंवार अर्धवट रिकामा करून पुन्हा भरला, तर त्याची उपयुक्त क्षमता घटल्यासारखी दिसे. जणू आपण कोठपर्यंत रिकामे होतो हे तो लक्षात ठेवी. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे अधूनमधून घट पूर्ण उतरवून पूर्ण भरणे. त्या काळी असे सांगणारा मनुष्य शास्त्रशुद्ध सल्लाच देत होता.

लिथियमच्या घटाचा स्वभाव अगदी निराळा आहे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात एक्सॉन या कंपनीत लिथियमचा पुनर्भारणक्षम घट रचला. जॉन गुडइनफ यांनी १९८० साली ऑक्सफर्ड येथे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखवून त्याचा विद्युद्दाब वाढविला. आणि अकिरा योशिनो यांनी १९८५ साली जपानमध्ये धातुरूप लिथियमच्या जागी पेट्रोलियम कोक योजून तो वापरास सुरक्षित केला. १९९१ साली सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घटाला निकेल-कॅडमियमसारखी आठवण नसते. उलट तो पूर्ण रिकामा होणे, पूर्ण भरलेल्या स्थितीत दीर्घकाळ राहणे आणि उष्णता, या तीन गोष्टींनी त्याची झीज वाढते. म्हणजे निकेलच्या घटाला जे औषध होते तेच लिथियमच्या घटाला अपायकारक ठरले.

भारतातील घटनाक्रम या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. देशातील मोबाइल सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० बरोबर निकेल जातीचीच बॅटरी मिळत असे. २००३ सालच्या नोकिया ११०० मध्ये मात्र लिथियम-आयन बॅटरी आली. सामान्य माणसाच्या हाती मोबाइल पडू लागला तो याच संधिकालात. त्यामुळे येथे नियम पोचले ते त्यांच्या सत्यतेच्या अखेरच्या वर्षांत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तर त्याच दशकात तासन् तास भारनियमन असे. वीज येईल तेव्हा फोन लावावयाचा आणि जाईपर्यंत काढावयाचा नाही, हा रिवाज सोयीतून नव्हे, तर गरजेतून पडला. बॅटरी हाताने काढता येत असल्याने तिची झीज ही फार मोठी आपत्ती नव्हती. बाजारातील दुकानात दुसरी बॅटरी मिळे, आणि सुटी बॅटरी चिमट्यात धरून भरणारा स्वस्त चार्जरही मिळे.

साठवणीचा इतिहास वेगळ्या वाटेने येऊन याच ठिकाणी मिळतो. बेल प्रयोगशाळेतील डॉन कांग व सायमन झी यांनी १९६७ साली एक कल्पना मांडली. निरोधक थरांनी चहूकडून वेढलेल्या सूक्ष्म वाहकात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवले, तर वीज गेल्यावरही माहिती टिकते, असे तिचे सूत्र होते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी तिच्यावरून फ्लॅश मेमरी सिद्ध करून १९८४ साली जाहीर केली. आजच्या फोनांत असलेला तिचा नँड हा प्रकार १९८७ साली पुढे आला. या स्मरणीचे दोन गुणधर्म येथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, लिहिण्यापुसण्याच्या प्रत्येक क्रियेत तो निरोधक थर किंचित झिजतो. बॅटरीच्या घटाप्रमाणे स्मरणपेशीलाही मोजके आयुष्य असते. दुसरा असा की, तिच्यात लिहिलेल्या मजकुरावर थेट नवे लिहिता येत नाही. आधी पेशींचा मोठा गट एकदम पुसावा लागतो. ही उलाढाल करण्यासाठी मोकळी जागा लागते. म्हणून साठवण काठोकाठ भरली की फोन मंदावतो. पुसलेली जागा खरोखर रिकामी आहे हे स्मरणीला कळविण्याची नियमित व्यवस्था अँड्रॉइड प्रणालीत २०१३ साली, ४.३ या आवृत्तीत आली.

साठवणीचीही प्रारंभी सुटी बॅटरीसारखीच सोय होती. २००५ साली रूढ झालेले मायक्रोएसडी कार्ड नखाएवढे असे. गावोगावच्या दुकानांत पैसे घेऊन अशा कार्डात गाणी व चित्रपट भरून दिले जात. कार्ड भरले की दुसरे घ्यावयाचे, एवढाच साठवणीचा हिशेब असे. पुढे अ‍ॅपे आणि छायाचित्रे यांनी हा हिशेब बदलला. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात आलेल्या अँड्रॉइड वन मालिकेतील पहिल्या फोनांची अंतर्गत साठवण ४ गिगाबाइट होती, आणि प्रणालीने व्यापलेली जागा वजा जाता हाती उरणारी जागा त्याहून पुष्कळच कमी होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन माहितीची देवघेव स्वस्त झाली, तेव्हा या अरुंद जागेत चित्रांचा पूर लोटला. सकाळी येणाऱ्या फुलापाखरांच्या शुभेच्छाचित्रांनी फोन भरून जातात, ही तक्रार इतकी सार्वत्रिक झाली की, डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने अशी चित्रे निवडून पुसण्यास मदत करणारे फाइल्स गो नावाचे अ‍ॅप काढले.

या संदर्भात मराठी मजकुराचा हिशेब उद्बोधक आहे. यूटीएफ-८ या रूढ संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. तरीही तीन लक्ष चिन्हांचे मराठी पुस्तक एक मेगाबाइटच्या आतच मावते. फोनने काढलेल्या तीन मेगाबाइटच्या एका छायाचित्राच्या जागेत अशी तीन पुस्तके बसतील. जागा टंचाईची झाली की मनुष्य प्रथम जुने संदेश पुसू लागतो. वस्तुतः त्याने जागा अत्यल्प सुटते, आणि पुन्हा न मिळणारा लिखित ठेवा मात्र जातो.

यानंतरचा टप्पा बंदिस्त फोनाचा. २००७ सालच्या आयफोनमध्ये बॅटरी काढता येत नव्हती आणि कार्डाला खाचही नव्हती. पुढील दशकात बहुतेक कंपन्यांनी बॅटरीच्या बाबतीत तोच मार्ग धरला. जी व्यवस्था पूर्वी मालकाच्या बोटांत होती ती प्रणालीकडे गेली. २०१५ साली अँड्रॉइड ६ मध्ये न वापरलेल्या फोनाला गाढ विश्रांती देणारी योजना आली. त्याच वर्षी आयफोनमध्ये अल्पवीज-वापराची सोय आली. मागे पडलेली अ‍ॅपे गोठविणे हे आता प्रणालीचे काम झाले. संगणकावरून आलेली प्रत्येक अ‍ॅप हाताने बंद करण्याची सवय मात्र टिकली. तिने बॅटरी वाचत नाही, असे २०१६ साली अँड्रॉइडचे तत्कालीन प्रमुख हिरोशी लॉकहाइमर आणि अ‍ॅपलचे क्रेग फेडरिघी या दोघांनीही सांगितले. बंद केलेले अ‍ॅप पुन्हा प्रारंभापासून उघडण्यास उलट अधिक वीज लागू शकते.

व्यवस्था प्रणालीकडे गेल्याने श्रम वाचले, परंतु ज्ञानही मालकाच्या हातून गेले. याचा प्रत्यय डिसेंबर २०१७ मध्ये आला. बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग आपण प्रणालीद्वारे कमी केला आहे, अशी कबुली अ‍ॅपलने दिली. झिजलेली बॅटरी एकाएकी मोठा प्रवाह देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो, तो पडू नये म्हणून ही तजवीज होती. तांत्रिकदृष्ट्या हे कारण निराधार नव्हते. दोष होता तो गुप्ततेत. फोन मंदावलेला पाहून मालकाने फोनच म्हातारा झाला असा निष्कर्ष काढावा, हे साहजिक होते. वस्तुतः म्हातारा झाला होता तो त्यातील एक बदलण्याजोगा भाग. कंपनीने क्षमा मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा आकार ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला आणि मार्च २०१८ मध्ये बॅटरीची उरलेली क्षमता मालकाला दाखविण्याची सोय केली.

या प्रकरणाने जपणुकीच्या प्रश्नाचे स्वरूप बदलले. टिकाऊपणा हा केवळ सवयीचा नव्हे, तर नियमनाचाही विषय ठरला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनच्या बॅटरीने ८०० आवर्तनांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखणे आवश्यक आहे. आवर्तन म्हणजे चार्जर लावण्याची एक खेप नव्हे, तर एकूण १०० टक्के विजेचा खर्च. अर्धी बॅटरी दोनदा वापरली की एक आवर्तन भरते. एवढी एक व्याख्या ज्याला ठाऊक आहे, त्याला वारंवार थोडे थोडे चार्ज करण्याची धास्ती उरत नाही.

जुने नियम पाळणाऱ्यांना अडाणी ठरविणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. त्यांनी अनुभवाने मिळविलेले ज्ञान इमानाने जपले. बदलले ते यंत्र, आणि तो बदल त्यांना कोणी नीट समजावून सांगितला नाही. बॅटरी उन्हातान्हापासून जपावी, तिला शून्यापर्यंत उतरू देऊ नये, साठवणीत काही जागा नित्य मोकळी ठेवावी, मोलाचा मजकूर अन्यत्र उतरवून ठेवावा आणि फोन टाकण्यापूर्वी त्याची बॅटरी तपासावी, हे आजचे नियमही एका विशिष्ट घटाचे आणि एका विशिष्ट स्मरणीचे नियम आहेत. उद्या घट बदलला तर यांतील काही निरुपयोगी होतील. म्हणूनच नियमाबरोबर त्याचे कारणही सांगितले जाणे अगत्याचे आहे. ज्याला कारण ठाऊक असते तो नियम केव्हा सोडावा हेही जाणतो, आणि धडधाकट यंत्र जुने समजून टाकून देण्याचा भुर्दंड त्याला सोसावा लागत नाही.