व्हॅनिला खरं कुठलं, खोटं कुठलं?

आजची गोष्ट ताथवड्यातल्या आमच्या किचनमध्ये सुरू होते आणि पार मेक्सिकोपर्यंत जाते.

माझी वहिनी घरून केकच्या ऑर्डर घेते. तिचं इन्स्टा पेज मी सांभाळतो. मागच्या महिन्यात एका फोटोखाली मी बिनधास्त लिहून टाकलं, '१०० टक्के प्युअर व्हॅनिला'. तासाभरात एका ताईंचा मेसेज आला : "मुलाच्या वाढदिवसाला केक हवाय. कुठलं एक्स्ट्रॅक्ट वापरता? आमच्याकडे अल्कोहोल चालत नाही."

मी जाऊन बाटली बघितली. नेहमीचा इसेन्स. लेबलवर स्पष्ट छापलेलं, कृत्रिम स्वाद. वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी कधी तुम्हाला प्युअर म्हटलं होतं?"

खोटं बोललो होतो मी. पण म्हणजे नेमकं काय खोटं बोललो? ते शोधायला बसलो.

व्हॅनिला ही मुळात मेक्सिकोकडची ऑर्किडची वेल. स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली. बागा लावल्या, वेली वाढल्या, फुलंही आली. पण शेंगा काही धरेनात! मेक्सिकोत फुलांचं परागीकरण करणाऱ्या माश्या बाहेर नव्हत्याच. त्यात फूल उमलतं जेमतेम एक दिवस.

हे कोडं रोजच्या शेतीसाठी सोडवलं ते १२ वर्षांच्या एका गुलाम मुलाने. हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर, १८४१ मध्ये एडमंड नावाच्या या मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग दाबून बसवले. बस, काही सेकंदांचं काम. आज मादागास्करमध्ये सगळ्यात जास्त व्हॅनिला पिकतं, तेही याच पद्धतीने, एकेक फूल हाताने. १८४८ मध्ये गुलामी संपली, एडमंडला 'आल्बियस' हे आडनाव मिळालं. पण पैसा नाही. १८८० मध्ये तो गरिबीतच गेला. 'प्युअर' या शब्दामागे हाही हिशेब आहे.

आता दुसरी बाजू. १८५८ मध्ये गोब्ले या फ्रेंच शास्त्रज्ञाने शेंगेतून शुद्ध व्हॅनिलिन वेगळं काढलं. वासाचा मुख्य रेणू तोच. १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी तोच रेणू पाइनच्या झाडातल्या एका पदार्थापासून बनवला. पुढे कागद गिरण्यांच्या टाकाऊ पाण्यातून बनला, आणि आता बहुतेक ग्वायाकॉल नावाच्या रसायनापासून बनतो.

आणि यात आपलं मराठी कनेक्शन पण आहे बरं का! शाळेत दप्तरात कॅमलची कंपासपेटी होती ना? १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेला हा धंदा. त्याच कॅम्लिनमधून पुढे वेगळी झालेली कॅम्लिन फाइन सायन्सेस ही कंपनी आज गुजरातेत दहेजला व्हॅनिलिन बनवते.

मग फरक काय राहिला? इसेन्समध्ये मुख्यतः हा एकच रेणू. शेंगेच्या अर्कात तो असतोच, शिवाय दोनशेहून जास्त बारीकसारीक घटक. म्हणून कस्टर्ड, आइस्क्रीम, क्रीम यांत अर्काचा वास भरलेला, जरा लाकडी, जरा मधासारखा लागतो. पण ओव्हनच्या उष्णतेत यातले बरेच हलके घटक उडून जातात, वरून लोणी आणि कोको असतोच. म्हणून साध्या स्पंज केकमध्ये फरक ओळखणं अवघड. आम्ही दोन्ही करून घरच्यांना डोळे बांधून खायला दिले. स्पंजमध्ये सगळे गोंधळले, कस्टर्डमध्ये मात्र आईने लगेच ओळखलं.

किंमत बघा. २०१८ च्या सुमारास चांगल्या शेंगा किलोला ६०० डॉलरच्या घरात गेल्या होत्या, चांदीपेक्षा महाग! त्याआधी २००३ च्या आसपासही भाव असेच चढले, केरळ-कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी वेली लावल्या, आणि मग भाव कोसळले. घरगुती केकवाल्या बाईने इसेन्स वापरला तर त्यात कमीपणा कसला?

कमीपणा माझ्या कॅप्शनमध्ये होता. अस्सल अर्क अल्कोहोलमध्येच काढतात, अमेरिकेच्या नियमाने त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. आमच्या इसेन्सचा आधार होता प्रॉपिलीन ग्लायकॉल. म्हणजे त्या ताईंना हवी होती ती नेमकी 'खोटी' बाटली, आणि मी 'खरी' म्हणून त्यांना परत पाठवणार होतो!

मी सगळं कळवलं, लेबलचा फोटो टाकला, चुकीची माफी मागितली. कॅप्शन आता आहे 'व्हॅनिला इसेन्स, अल्कोहोल नाही'. ताईंनी केक नेला. वहिनीने मात्र पेजचा पासवर्ड बदललाय.

तुमच्या घरातली बाटली आज फिरवून वाचा, आणि काय लिहिलंय ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!